पाहुण्यांची तिकिटे आणि प्रवासाचा धूर

इंग्लंडमधील फुटबॉलविषयी आपल्याकडे जे वाचावयास मिळते ते बहुतांशी गोलांची संख्या, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे आकडे आणि प्रशिक्षकांची उचलबांगडी यांपुरते मर्यादित असते. मैदानाच्या एका कोपऱ्यात, यजमानांच्या हजारोंच्या गर्दीत, आपल्या संघासाठी घसा कोरडा करणाऱ्या पाहुण्या चाहत्यांचा विचार त्यात क्वचितच येतो. परंतु या छोट्या समूहाभोवती दोन गंभीर प्रश्न उभे आहेत. पहिला प्रश्न असा, की परगावच्या सामन्याची मोजकी तिकिटे आधी कोणाला मिळावीत? दुसरा असा, की या चाहत्यांच्या शेकडो किलोमीटरच्या प्रवासातून जो कार्बन वायू हवेत मिसळतो त्याची जबाबदारी कोणाची?

हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या लोकांकडून व वेगवेगळ्या भाषेत मांडले जातात. तिकिटांविषयी चाहत्यांच्या संघटना बोलतात, प्रवासाविषयी पर्यावरणाचे अभ्यासक. आमच्या मते हे प्रश्न मुळात एकच आहेत. तिकीट कोणाला द्यावयाचे हे ज्या नियमाने ठरते, त्याच नियमाने कोण किती प्रवास करील हेही बऱ्याच अंशी ठरते. म्हणून प्रवासाचा धूर कमी करावयाचा असेल तर तिकिटांच्या रांगेकडे पाहणे क्रमप्राप्त आहे.

तीन हजार जागांचे वाटप

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. प्रीमियर लीगच्या नियमानुसार पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटे, अथवा मैदानाची आसनक्षमता ३०,००० पेक्षा कमी असल्यास तिच्या १० टक्के तिकिटे मागता येतात. एफ. ए. कप स्पर्धेत हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत जाते. बोर्नमथच्या मैदानात २०२४-२५ च्या हंगामात अकरा हजारांहून थोडेच अधिक प्रेक्षक मावत होते. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या वाट्याला अकराशे-बाराशे जागा येतात. मँचेस्टर युनायटेड किंवा लिव्हरपूल यांसारख्या क्लबांच्या चाहत्यांची संख्या लक्षात घेतली तर हा घास किती तोकडा आहे हे सांगावयास नको.

तिकिटांच्या किमतीचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. पाहुण्या चाहत्यांकडून अवाच्या सवा पैसे घेतले जातात अशी तक्रार वाढत गेली, तेव्हा २०१३ मध्ये चाहत्यांच्या महासंघाने ‘ट्वेन्टीज प्लेन्टी’ या नावाने, म्हणजे ‘वीस पौंड पुरे झाले’ अशा मागणीने, मोहीम उघडली. त्याच वर्षी लीगने पाहुण्या चाहत्यांच्या सोयीसाठी तीन वर्षांकरिता १ कोटी २० लाख पौंडांचा निधी ठेवला. प्रत्येक क्लबच्या वाट्याला दरसाल २ लाख पौंड आले आणि काही क्लबांनी त्यातून स्वस्त बससेवा दिली. पुढे २०१६-१७ च्या हंगामापासून परगावच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. वीस पौंडांची मागणी पूर्ण झाली नाही. तरीही सामान्य माणसाच्या बाजूने झालेला हा निर्णय होता आणि त्याचे श्रेय संघटित चाहत्यांना द्यावेच लागेल.

मात्र किंमत आवाक्यात आल्यावर प्रश्न उरला तो क्रमाचा. मागणी मोठी आणि जागा थोड्या असल्या की कोणता तरी क्रम लावावा लागतो. काही क्लब सोडत काढतात. बऱ्याच क्लबांनी मात्र निष्ठेचे गुण मोजण्याची पद्धत स्वीकारली आहे. हंगामी तिकीटधारकाने परगावच्या जितक्या सामन्यांची तिकिटे घेतली असतील तितके गुण त्याच्या खात्यावर जमा होतात आणि पुढच्या सामन्याची विक्री सर्वाधिक गुणवाल्यांपासून सुरू होते. लिव्हरपूलमध्येही मागील हंगामात परगावच्या किती सामन्यांची तिकिटे घेतली यावर पुढील विक्रीचा क्रम अवलंबून राहिला आहे.

या पद्धतीत न्याय नाही असे आम्ही म्हणणार नाही. जो माणूस डिसेंबरच्या थंडीत, संघ हरत असतानाही, देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला, त्याला अंतिम सामन्याच्या वेळी मागे ढकलून हौशी पाहुण्याला तिकीट देणे कोणालाही रुचणार नाही. पैशावर किंवा वशिल्यावर जागा वाटण्यापेक्षा हजेरीवर वाटणे केव्हाही बरे. परंतु कोणतीही पद्धत दीर्घकाळ चालली की तिची एक वेगळीच बाजू दिसू लागते. ज्यांच्याकडे गुण आहेत त्यांनाच तिकीट मिळते, तिकीट मिळाले म्हणून त्यांचेच गुण वाढतात, आणि नव्या पिढीतील तरुणाला रांगेत शिरण्यास जागाच राहत नाही. आपल्याकडे जुन्या काळी गावची वतने पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहत, तसा हा प्रकार होऊ लागतो. स्वतः न जाता केवळ गुण राखण्यासाठी तिकीट घेऊन ते मित्राच्या हाती देणे, हा त्यातून निघालेला रूढ मार्ग. त्याला आळा घालण्यासाठी काही क्लब सामन्याच्या ठिकाणीच ओळखपत्र पाहून तिकीट देतात.

या सर्व चर्चेत एक गोष्ट नजरेआड राहते. गुणांची ही पद्धत मुळात प्रवासाला बक्षीस देणारी आहे. एखाद्या चाहत्याला सोमवारी रात्रीचा, साडेपाचशे किलोमीटर दूरचा सामना टाळावासा वाटला, तरी तो टाळीत नाही. कारण एक गुण हुकला तर पुढच्या मोठ्या सामन्याच्या रांगेत तो शेकडो लोकांच्या मागे जाईल. म्हणजे काही प्रवास तरी प्रेमापोटी नव्हे, तर रांगेतील स्थान गमावण्याच्या भीतीपोटी होतो. शिवाय चाहता तेथवर कसा गेला याची नोंद गुणपत्रकात कोठेच नसते. एकट्याने मोटार हाकीत गेलेला आणि पन्नास जणांच्या बसमधून गेलेला, दोघांच्याही खात्यावर सारखाच एक गुण पडतो.

धुराचा हिशेब

हा फरक किती मोठा आहे हे एका उदाहरणाने पाहू. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्य टोकाचे शहर, तर ब्रायटन दक्षिण किनाऱ्यावरचे. रस्त्याने अंतर सुमारे ५६० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ११२० किलोमीटर. ब्रिटिश सरकार उत्सर्जनाच्या हिशेबासाठी दरवर्षी जे प्रमाणांक प्रसिद्ध करते, त्यांनुसार अलीकडच्या वर्षांत लांब पल्ल्याच्या बसमधील एका प्रवाशामागे दर किलोमीटरला सुमारे २७ ग्रॅम, रेल्वेत सुमारे ३५ ग्रॅम, तर पेट्रोलच्या सरासरी मोटारीमागे सुमारे १६५ ग्रॅम कार्बन वायू धरला जातो. देशांतर्गत विमानप्रवासात हा आकडा एका प्रवाशामागे दोनशे ग्रॅमच्याही पुढे असतो.

या हिशेबाने न्यूकॅसलचा चाहता बसने गेला तर त्याच्या वाट्याला सुमारे ३० किलो, रेल्वेने गेला तर ४० किलोच्या आत आणि एकट्याने मोटारीने गेला तर सुमारे १८५ किलो कार्बन येतो. चौघे मिळून एकाच मोटारीतून गेले तर हाच आकडा माणशी ४६ किलोपर्यंत उतरतो. ब्रायटनच्या मैदानात पाहुण्यांना ३,००० जागा मिळतात. ते सर्व बसने गेले तर एकूण सुमारे ९० टन, आणि सर्वच एकेकटे मोटारीने गेले तर सुमारे ५५५ टन. ही दोन्ही टोके झाली. प्रत्यक्ष स्थिती मध्ये कोठेतरी असणार. परंतु सामना तोच, माणसे तीच आणि अंतरही तेच असताना केवळ वाहनाच्या निवडीने सहापटींचा फरक पडू शकतो, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

येथे एक शंका घेतली जाईल. मैदानात पाहुणे तीन हजार असतात आणि यजमान तीस-पन्नास हजार. मग बोट पाहुण्यांकडेच का? शंका रास्त आहे. संख्येने यजमान चाहतेच अधिक आणि त्यांच्यापैकी कित्येक जण मोटारीनेच येतात. तथापि प्रत्येक माणसामागे पडणारे अंतर पाहुण्यांचेच मोठे असते. आणि महत्त्वाचे म्हणजे पाहुण्यांची प्रत्येकाची नोंद क्लबकडे असते, त्यांचा क्रम क्लबच लावतो आणि ते सर्व एकाच दिवशी एकाच दिशेने निघतात. सार्वजनिक वाहनाची सोय लावण्यासाठी याहून अनुकूल गर्दी शोधूनही सापडणार नाही.

वेळापत्रक कोणाच्या सोयीचे?

मग हे लोक बस किंवा रेल्वेने का जात नाहीत, असे कोणी विचारील. पुष्कळ जण जातातही. परंतु त्यांच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे सामन्यांचे वेळापत्रक. पूर्वी शनिवारी दुपारी तीन ही बहुतेक सामन्यांची ठरलेली वेळ होती आणि ब्रिटिश रेल्वे चाहत्यांसाठी खास गाड्याही सोडीत असे. आता दूरचित्रवाणीच्या सोयीने सामने शुक्रवारपासून सोमवारपर्यंत विखुरलेले असतात. २०२५-२६ पासून लागू झालेल्या चार वर्षांच्या करारात एका हंगामातील ३८० पैकी किमान २६७ सामने ब्रिटनमध्ये थेट दाखविण्याची तरतूद आहे. रात्री आठ वाजता सुरू झालेला सामना दहाच्या सुमारास संपतो. तोवर लांब पल्ल्याची शेवटची गाडी बहुधा निघून गेलेली असते. सकाळी कामावर हजर राहावयाचे असेल तर मोटारीवाचून गत्यंतर नाही. अशा चाहत्याला पर्यावरणाचा उपदेश करणे हा उघड अन्याय होय.

या ठिकाणी आपणही या व्यवहारापासून पूर्णपणे अलिप्त नाही, हे नमूद करणे अगत्याचे वाटते. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांच्या करारांत प्रीमियर लीगला परदेशांतील प्रक्षेपण-हक्कांतून मिळणारे उत्पन्न प्रथमच ब्रिटनमधील हक्कांच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. शनिवारी तेथे दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे ऋतुमानानुसार सायंकाळी पाच किंवा सहा वाजता दिसतो. वसईत, मुंबईत किंवा गोव्यात चहाच्या वेळी तो आरामात पाहता येतो. परंतु त्याच सामन्यासाठी न्यूकॅसलहून ब्रायटनला निघालेल्या बसला भल्या पहाटे, चार-पाचच्या सुमारास निघावे लागते आणि त्या वेळी रेल्वेचा उपयोग नसतो. ज्याच्या पैशावर वेळ ठरते तो घरी बसलेला प्रेक्षक आणि ज्याला त्या वेळेची किंमत मोजावी लागते तो प्रवासी चाहता, या दोघांची कधी गाठ पडत नाही. निदान आपण त्याची जाणीव तरी ठेवावी.

वरिष्ठांचे वर्तन

चाहत्यांकडे बोट दाखविण्याआधी क्लब आणि फुटबॉल संघटना यांनी स्वतःचे वर्तन तपासणे आवश्यक आहे. बी. बी. सी.ने २०२३ च्या आरंभीच्या दोन महिन्यांतील १०० सामन्यांची तपासणी केली, तेव्हा प्रीमियर लीगच्या संघांनी देशांतर्गत ८१ विमानफेऱ्या केल्याचे आढळून आले. इंग्लंडसारख्या लहान देशात, जेथे रेल्वेचे जाळे दीडशे वर्षांहून जुने आहे, तेथे हे घडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ लेस्टरला विमानाने गेला. हे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटरचे.

स्पर्धा भरविणाऱ्या संघटनांचे निर्णय तर याहून दूरगामी असतात. २०१९ मध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना चेल्सी व आर्सेनल या लंडनच्याच दोन क्लबांत झाला, पण तो खेळविला गेला सुमारे ४,००० किलोमीटर दूर अझरबैजानच्या बाकू शहरात. प्रत्येक क्लबला सुमारे ६,००० तिकिटे देण्यात आली होती आणि प्रवासाच्या अडचणींमुळे तीही पूर्ण खपली नाहीत. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमधील क्लबांची संख्या ३२ वरून ३६ झाली आणि सामने १२५ वरून १८९ झाले. २०२६ च्या विश्वचषकाची आखणी ४८ संघ, १०४ सामने आणि तीन देशांतील १६ शहरे अशी झाली. तर २०३० च्या विश्वचषकाचे पहिले तीन सामने दक्षिण अमेरिकेत आणि उर्वरित स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्को येथे ठरली आहे. कतारमधील २०२२ चा विश्वचषक कार्बनमुक्त असल्याचा दावा फिफाने केला होता. स्वित्झर्लंडच्या जाहिरातविषयक आयोगाने जून २०२३ मध्ये तो दिशाभूल करणारा ठरविला. त्या स्पर्धेच्या ३६ लाख टनांच्या अंदाजित उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचाच होता. सामने कोठे व किती खेळवावयाचे हे चाहता ठरवीत नाही. तो फक्त बोलावले तेथे जातो.

काय साधले, काय बिघडले

सुदैवाने चांगली उदाहरणेही डोळ्यांपुढे आहेत. वर ज्या ब्रायटनचा उल्लेख केला, तेथे २०११ मध्ये नवे मैदान सुरू झाले तेव्हा ठराविक परिसरातील बस व रेल्वेचा प्रवास सामन्याच्या तिकिटातच समाविष्ट करण्यात आला. मैदानालगतच फाल्मर हे रेल्वेस्थानक आहे. जर्मनीत अनेक क्लबांच्या तिकिटावर स्थानिक सार्वजनिक वाहतूक वापरता येते, ही तेथील जुनी प्रथा आहे. २०२४ ची युरो स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा प्रत्येक तिकीटधारकाला ३६ तासांचा स्थानिक प्रवास मोफत मिळाला आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेतही सवलत होती. गाड्यांच्या विलंबामुळे टीका पुष्कळ झाली. यातून बोध असा, की सोय कागदावर देऊन भागत नाही; ती वेळेवर धावलीही पाहिजे.

उलट बाजूचे उदाहरण वेल्समधील आहे. कार्डिफ व स्वान्सी या हाडवैरी क्लबांच्या सामन्यांत अनेक वर्षे पाहुण्या चाहत्यांना क्लबने ठरविलेल्या बसनेच, पोलिसांच्या पहाऱ्यात, जाण्याची सक्ती होती. कार्बनच्या हिशेबात ही व्यवस्था कदाचित आदर्श ठरेल. परंतु तिचा हेतू दंगा टाळण्याचा होता आणि चाहत्यांनी तिचा कडाडून विरोध केला. कारण आपल्याला गुन्हेगारासारखे वागविले जाते अशी त्यांची भावना होती. आधीच इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने सामन्याला जाणाऱ्या खास बसमध्ये मद्य बाळगण्यास बंदी आहे, आणि पुष्कळ जण बस टाळतात त्यामागे हेही एक कारण आहे. चांगला हेतू सक्तीच्या वाटेने गेला की लोक हेतूचाच राग करू लागतात.

आमचे म्हणणे

या पार्श्वभूमीवर तिकिटांच्या प्राधान्यक्रमात काही बदल करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे असे आम्हांस वाटते. पहिला बदल असा, की परगावच्या प्रत्येक सामन्यातील काही जागा बसच्या आसनासह एकत्रित विकाव्यात आणि त्या जागांसाठी गुणांची अट शिथिल करावी. जुन्या चाहत्यांचे हक्क त्यामुळे हिरावले जाणार नाहीत; मात्र ज्या तरुणाला आज दारच बंद आहे, त्याच्यासाठी एक दार उघडेल आणि ते दार बसचे असेल. निवड मात्र ऐच्छिक असावी. दुसरा बदल असा, की आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा रात्री उशिरा ठेवलेल्या दूरच्या सामन्याला कोणी गेले नाही तरी त्याचा क्रम खाली जाऊ नये. भीतीपोटी होणारा प्रवास थांबविण्याचा हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे. तिसरे म्हणजे, सामन्याची वेळ बदलताना परतीची शेवटची गाडी मिळेल की नाही हे तपासण्याचे बंधन लीगने स्वीकारावे. आणि वेळ बदलणे अटळच असेल तर बसचा खर्च दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातून द्यावा. २०१३ मध्ये जे करता आले ते आज, उत्पन्न कितीतरी वाढल्यावर, करता येऊ नये असे नाही.

एका मोहापासून मात्र सावध राहावे. जो मैदानाच्या जवळ राहतो त्यालाच तिकीट द्यावे, म्हणजे प्रवासच होणार नाही, असा युक्तिवाद ऐकावयास सोपा वाटतो. लंडनमध्ये नोकरीसाठी गेलेला न्यूकॅसलचा माणूस आपल्या संघाला ब्रायटनमध्ये थोडक्या प्रवासात पाहू शकतो, हे खरेच. परंतु असा नियम केला तर जो गावातच राहिला, ज्याने स्थलांतर केले नाही, तोच आपल्या संघाला मुकेल. परगावचा प्रवास हा या खेळाचा आत्मा आहे. तो पुसून टाकावयाचा नसून सुधारावयाचा आहे. तसेच अपंग चाहते, लहान मुलांची कुटुंबे, पाळीत काम करणारे कामगार यांना मोटारीवाचून पर्याय नसतो. मोटारीने आले म्हणून त्यांचे गुण कापले जाऊ नयेत. बक्षीस द्यावे, शिक्षा नव्हे.

हे सर्व कशासाठी, याचे उत्तर इंग्लंडच्या वायव्येस असलेल्या कार्लाइल शहराकडे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळाच्या पावसाने तेथील नद्या फुगल्या आणि कार्लाइल युनायटेडचे ब्रंटन पार्क हे मैदान पाण्याखाली गेले. दहा वर्षांपूर्वी, २००५ मध्येही, ते असेच बुडाले होते. २०१५ च्या पुरानंतर क्लबला आपले काही ‘घरचे’ सामने प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूल येथे उसन्या मैदानांवर खेळावे लागले. घरच्या चाहत्यांनाही पाहुणे होऊन प्रवास करावा लागला. एका पुराचा दोष एका मोटारीवर ठेवता येत नाही, हे उघड आहे. परंतु तापमानवाढीबरोबर अतिवृष्टीचा जोर वाढतो, हे शास्त्रज्ञ निःसंदिग्धपणे सांगत आहेत. आणि नदीकाठच्या लहान क्लबांना त्याची झळ श्रीमंत क्लबांच्या आधी बसते.

प्रीमियर लीगने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या क्रीडाविषयक हवामान आराखड्यावर सही केली. २०२४ मध्ये तिच्या क्लबांनी, अप्रत्यक्ष उत्सर्जनासह सर्व आकडेवारी २०२५-२६ हंगामाच्या अखेरीपर्यंत तयार करण्याचे मान्य केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु आकडे गोळा करणे म्हणजे वर्तन बदलणे नव्हे. ज्या क्लबाला आपल्या प्रत्येक पाहुण्या चाहत्याचे नाव, क्रम आणि गुण तोंडपाठ आहेत, त्याला त्यांच्यासाठी वेळेवर सुटणारी बस उभी करणे अवघड नसावे. चाहत्याने आपली निष्ठा वर्षानुवर्षे सिद्ध केली आहे. आता गुण मोजण्याची पाळी क्लबांची आणि लीगची आहे.